अहवाल आला नि छातीत धस्स झाले!

पूर्वी आजाऱ्याच्या रक्ताचा अहवाल आधी डॉक्टरांच्या हाती जाई. ते चष्मा कपाळावर चढवीत, कागद दूर धरून वाचीत, "हं" म्हणत आणि घडी घालून फायलीत ठेवून देत. त्या एका "हं"च्या सुरावरून घरच्या मंडळींनी काय ते ओळखायचे. आता तसे राहिलेले नाही. सकाळी सातला प्रयोगशाळेचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन जातो आणि संध्याकाळी अहवाल थेट मोबाइलवर येऊन पडतो. डॉक्टर त्या वेळी दुसऱ्या कुणाच्या शस्त्रक्रियेत गुंतलेले असतात. मग घरात ज्याला आधी चष्मा सापडेल तो अहवाल वाचतो. काही आकडे ठळक छापलेले, काहींपुढे वर गेलेला बाण, काहींपुढे खाली आलेला. आजाऱ्याची पत्नी पदराला हात पुशीत बाहेर येते, मुलगा ऑफिसातून फोन करतो आणि परदेशी असलेली कन्या इंटरनेट धुंडाळून तीन नव्या रोगांची नावे कळवते. आजारी गृहस्थ मात्र तोवर मऊभात खाऊन स्वस्थ झोपलेले असतात.

यंदा या सदराकडे आलेल्या पत्रांत हृदयाची झडप बदललेल्या किंवा दुरुस्त केलेल्या माणसांच्या घरची पत्रे बरीच आहेत. मौज अशी, की शस्त्रक्रियेविषयी कोणी फारसे विचारीत नाही. छाती उघडली, हृदय थांबवले, रक्त यंत्रातून खेळवले, नवी झडप शिवली, हे सारे मंडळींनी धीराने सोसलेले असते. धीर सुटतो तो घरी आल्यावर, दहाव्या-बाराव्या दिवशी, एका कागदापायी. म्हणून या दिवाळी अंकात त्या कागदाशीच चार गोष्टी कराव्यात असे ठरवले.

हृदयाला झडपा चार. त्यांतल्या डाव्या बाजूच्या दोन, मायट्रल आणि एऑर्टिक, अधिक ताण सोसतात आणि अधिक बिघडतात. आपल्याकडे पुष्कळांच्या बाबतीत मूळ कारण लहानपणीचे असते. घसा दुखून ताप येतो, पुढे सांधे सुजतात, घरचे विसरून जातात आणि वीस वर्षांनी जिना चढताना दम लागू लागतो. हाच तो ऱ्हुमॅटिक ताप. वयस्कांत झडपेवर चुन्याचे थर बसतात, ते कारण वेगळे. १९२५ साली लंडनच्या हेन्री साउटर यांनी एका मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून आवळलेली झडप मोकळी केली. १९५३ साली अमेरिकेत जॉन गिबन यांच्या हृदय-फुप्फुस यंत्राने उघड्या हृदयाची शस्त्रक्रिया शक्य करून दाखवली. १९६० साली अल्बर्ट स्टार या शल्यविशारदाने लोवेल एडवर्ड्स या इंजिनियराच्या मदतीने पिंजऱ्यात चेंडू असलेली कृत्रिम झडप माणसाच्या हृदयात बसवली. आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने तयार झालेली भारतीय झडप १९९० सालच्या डिसेंबरात पहिल्यांदा रोग्याला बसवण्यात आली. एवढा इतिहास आपल्या कामापुरता पुरे.

आता कागदाकडे वळू. प्रत्येक आकड्यासमोर एक मर्यादा छापलेली असते, अमुकपासून अमुकपर्यंत. ही मर्यादा कुणाची? तर निरोगी माणसांची. पुष्कळ निरोगी माणसांचे रक्त तपासून त्यांतल्या शेकडा पंच्याण्णवांचे आकडे जिथे बसतात तेवढी चौकट आखतात. उरलेली पाच माणसेही निरोगीच असतात, फक्त चौकटीबाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा चौकटीबाहेर जाण्याचा संभव शेकडा ६४ इतका असतो, हे गणित कॉलेजातला मुलगादेखील करून दाखवील. मग ज्याची छाती पंधरा दिवसांपूर्वी उघडली होती त्याच्या कागदावर बाण दिसले तर नवल कसले? बाण नसते तरच डॉक्टरांनी पुन्हा एकदा कागदावरचे नाव वाचले असते.

सी. आर. पी. नावाची तपासणी घ्या. शरीरात कुठे दाह असला की हा आकडा वाढतो. एरवी तो दहाच्या आत असतो. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो शंभराच्या, कधी दोनशेच्याही पुढे जातो. एवढी मोठी जखम झाली, शरीराने तिची दखल घेतली, इतकाच त्याचा अर्थ. पुढे तो उतरत जातो. ई. एस. आर. त्याहून आळशी, तो कित्येक आठवडे वरच रेंगाळतो. इथे आकडा किती हे पाहायचे नसते, तो कुठे चालला आहे हे पाहायचे असते. उतरत आलेला सी. आर. पी. पुन्हा चढू लागला आणि जोडीला ताप असला, तर ती गोष्ट वेगळी. तिच्याकडे पुढे येतो.

हिमोग्लोबिनचेही तसेच. यंत्रात आधी लिटरभराहून अधिक द्रव भरून ठेवलेला असतो, तो रक्तात मिसळतो. शिवाय थोडे रक्त जातेच. घरी येताना आकडा नऊ-दहा असणे अगदी नेहमीचे आहे. तो भरून यायला दोन महिने, कधी जास्तही लागतात. तेवढ्यात घरात बीट, डाळिंब, खजूर यांचा मारा सुरू होतो. खाऊ द्यावे, नुकसान नाही, पण लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर तिच्याऐवजी नको. रक्तातल्या बिंबिका म्हणजे प्लेटलेट्स पहिल्या तीन-चार दिवसांत खूप उतरतात आणि दुसऱ्या आठवड्यात नेहमीपेक्षाही वर जातात. मात्र एकदा सावरून पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या सुमारास त्या पुन्हा निम्म्याने कोसळल्या, तर हेपॅरिन या औषधाची विपरीत प्रतिक्रिया असू शकते. त्या वेळी आजारी बहुधा इस्पितळातच असतो आणि डॉक्टरांचे तिकडे लक्ष असते. लवकर घरी आला असेल, तर मात्र तो आकडा त्याच दिवशी कळवावा. पोटॅशियम अचानक फार वाढलेले दिसले तर आधी नमुना पुन्हा तपासावा लागतो. रक्त काढताना किंवा नेताना पेशी फुटल्या की आतले पोटॅशियम बाहेर येते आणि कागदावर उगाच हाहाकार होतो. परंतु पुन्हा तपासायचे ते त्याच दिवशी. ते खरेच वाढलेले असेल तर हृदयाच्या ठेक्याला अपाय होतो. लघवी होण्याच्या गोळ्यांनी ते घटतेही, म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून शहाळ्यांची रांग लावू नये. क्रिॲटिनिन वाढलेले असताना तर मुळीच नको.

हे सगळे आकडे एका पारड्यात आणि आय. एन. आर. दुसऱ्या पारड्यात. ज्याला धातूची किंवा कार्बनची यांत्रिक झडप बसवली आहे त्याच्या घरी हा एक आकडा सर्वांना कळला पाहिजे, स्वयंपाकाच्या बाईंपासून नातवापर्यंत.

यांत्रिक झडप टिकाऊ असते, परंतु रक्ताला ती परकी वाटते आणि परक्या पृष्ठभागावर गुठळी धरण्याकडे रक्ताचा कल असतो. गुठळी झडपेतच अडकली तर झडप उघडत-मिटत नाही. सुटून मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू. म्हणून जन्मभर गोळी घ्यावी लागते. वॉर्फरिन हे तिचे एक नाव, आपल्याकडे असेनोकुमारॉलही पुष्कळ देतात. लोक तिला 'रक्त पातळ करणारी गोळी' म्हणतात. रक्त काही पाण्यासारखे पातळ होत नाही, ते गोठायला वेळ लागतो, इतकेच.

या गोळीची जन्मकथा सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत आणि कॅनडात १९२० च्या दशकात गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे कापली तरी रक्त थांबेना. बुरसलेले स्वीट क्लोव्हर नावाचे गवत खाल्ल्याने हे होते असे ध्यानात आले. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी, एड कार्लसन, मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त आणि ते गवत घेऊन हिमवादळातून मॅडिसनच्या विद्यापीठात येऊन थडकला. तिथे कार्ल लिंक आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षे त्या गवतामागे लागले, आणि त्यातून निघालेल्या द्रव्याचा एक भाऊ १९४८ साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आला. तेच वॉर्फरिन. पुढे १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही ते देण्यात आले. तेव्हा 'अहो, हे तर उंदराचे औषध!' असे कुणी घाबरवले तर घाबरू नये. विष आणि औषध यांत मात्रेचाच फरक, हे आपल्या वैद्यांना नवे नव्हते.

मात्र मात्रा ठरवायची कशी? रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजण्याची रीत आर्मंड क्विक यांनी १९३५ साली काढली. पण प्रत्येक प्रयोगशाळेचे रसायन निराळे, त्यामुळे एकाच माणसाचे रक्त पुण्यात एक सांगे नि मुंबईत दुसरे. १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांना एका मापात आणणारी पद्धत स्वीकारली. तिचे नाव आय. एन. आर. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा हा आकडा एकच्या आसपास असतो. एऑर्टिक जागी यांत्रिक झडप असेल तर तो सामान्यतः २ ते ३ च्या दरम्यान राखतात, मायट्रल जागी असेल तर अडीच ते साडेतीनच्या. आपल्या माणसासाठी नेमकी मर्यादा कोणती हे शल्यविशारदांकडून लिहून घ्यावे.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. ठाण्याच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या पतीची मायट्रल झडप बदलली, वय अवघे अडतीस. घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात अहवाल आला, आय. एन. आर. ३.१. पुढे ठळक अक्षरांत 'जास्त' आणि शेजारी मर्यादा छापलेली, ०.८ ते १.२. थोरल्या दिरांनी आकडा पाहिला आणि निकाल दिला, की रक्त तिप्पट पातळ झाले आहे, गोळी बंद करा. चार दिवस गोळी बंद होती. पाचव्या दिवशी पुन्हा तपासले तर १.२, आणि कागदावर बाण नाही, ठळक अक्षर नाही. घरात पेढे आणले. भगिनींना तेवढ्यात शंका आली म्हणून त्यांनी इस्पितळात फोन केला आणि तिथून तासाभरात यायला सांगितले. सुदैवाने झडप नीट चालत होती. इंजेक्शने देऊन, गोळी पुन्हा सुरू करून ते आठ दिवसांनी घरी आले. 'कागदावर नॉर्मल असताना धोका कसा?' असे त्यांनी विचारले आहे.

भगिनींनी शंका घेतली हे फार बरे झाले. कागदावरची ती मर्यादा गोळी न घेणाऱ्यांची. संगणकाला तुमच्या यजमानांच्या छातीत झडप आहे हे ठाऊक नाही. त्याने ३.१ ला दोषी ठरवले, वस्तुतः तोच आकडा नेमका हवा होता. त्याने १.२ ला निर्दोष सोडले, आणि यांत्रिक झडपेच्या माणसाला सर्वांत घातक तोच. प्रयोगशाळांनी गोळी घेणाऱ्यांसाठी मर्यादा वेगळी छापली तर किती घरांवरचे संकट टळेल! काही प्रयोगशाळा तळाशी बारीक टीप देतात. ती टीप वाचायला भिंग लागते.

आकडा उतरला की दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तो अधिक फसवा. चढला तर निदान हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळे शौच अशी काही तरी वर्दी बहुधा मिळते. समजा आकडा ५ किंवा ६ आला आणि रक्तस्राव कुठेच नाही, तर डॉक्टर बहुधा एक-दोन वेळची गोळी थांबवतात आणि लवकर पुन्हा तपासतात. त्यांना त्याच दिवशी फोन करायचा, पण छाती पिटायची नाही. के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन घाईने टोचून घेणेही बरे नव्हे, कारण आकडा एकदम खाली कोसळला तर झडपेत गुठळी धरण्याची भीती. दहाच्या वर गेला, किंवा रक्त जात असले, किंवा डोक्याला मार बसला, तर मात्र फोनची वाट न पाहता इस्पितळ गाठायचे.

दुसरी गोष्ट धीराची. आज गोळी बदलली तर तिचा पुरता परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो, कारण रक्त गोठवणारे जुने घटक शरीरात तोवर शिल्लक असतात. काही मंडळी आज अर्धी, उद्या दीड, परवा पाऊण अशी कसरत करतात आणि आकडा झोपाळ्यासारखा हलत राहतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन महिने तो तसाही अस्थिर असतो. इस्पितळात भूक नव्हती, प्रतिजैविके चालू होती, ठेका सुधारण्यासाठी ॲमिओडॅरोन दिले होते, या सर्वांनी गोळीचा जोर वाढतो. घरी आल्यावर ताटात मेथी, पालक, अळू आले, प्रतिजैविक संपले, की जोर घटतो. इस्पितळातली मात्रा घरी लागू पडली नाही म्हणजे कोणाचा अपराध झाला असे नाही.

पालेभाज्यांत के जीवनसत्त्व असते आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करते, हे कळल्याबरोबर कित्येक घरांत हिरवे पान दिसेनासे होते. ही दुसऱ्या टोकाची चूक. बंद करायचे नाही, सारखे ठेवायचे. आठवड्याला दोनदा पालेभाजी खात असाल तर दर आठवड्याला दोनदा. श्रावणात रोज आणि दिवाळीत अजिबात नाही असे नको.

रक्त घेणाऱ्याकडेही जरा लक्ष असू द्यावे. या तपासणीची नळी फिक्या निळ्या बुचाची असते, तिच्यात ठरावीक द्राव आधीच घातलेला असतो आणि रक्त खुणेपर्यंत भरावे लागते. शीर सापडेना म्हणून निम्मीच नळी भरली तर आकडा खोटाच चढलेला येतो. अनपेक्षित आकडा आला तर मात्रा बदलण्याआधी हा प्रश्न जरूर विचारावा.

आता सोनोग्राफीसारखी जी हृदयाची तपासणी करतात, टू-डी इको, तिच्याविषयी. तिच्या अहवालात इजेक्शन फ्रॅक्शन नावाचा शेकडा आकडा असतो आणि आपली मंडळी तो परीक्षेतल्या गुणांसारखा वाचतात. पंचावन्न? म्हणजे जेमतेम दुसरा वर्ग! वास्तविक निरोगी हृदयही पूर्ण रिकामे होत नाही. आत आलेल्या रक्तापैकी साधारण ५५ ते ७० टक्के बाहेर टाकले की ते उत्तम.

सोलापूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी लिहिले आहे, की मायट्रल झडप गळत होती तेव्हा हा आकडा ६२ होता आणि लाखो रुपये खर्चून ती दुरुस्त केल्यावर ४८ झाला. 'यापेक्षा गळती बरी होती,' असा त्यांचा टोमणा आहे. गुरुजींना राग यावा हे साहजिक आहे, परंतु आधीचे ६२ फसवे होते. झडप गळत असताना हृदय दर ठोक्याला काही रक्त पुढे महारोहिणीत ढकलते आणि काही मागच्या कप्प्यात सोडून देते. मागे दाब कमी, म्हणून ते काम सोपे. बाहेर पडलेल्या रक्ताची बेरीज मोठी दिसते, पण त्यातला बराच भाग उलट्या दिशेने गेलेला असतो. विहिरीवर भोकाच्या बादलीने पाणी शेंदणाऱ्याचे श्रम मोजले आणि हौदात पडलेले पाणी मोजलेच नाही, तसे ते. गळती बंद झाली की सारे रक्त महारोहिणीच्या दाबाविरुद्ध पुढेच ढकलावे लागते, आणि आकडा उतरतो. पुष्कळांत तो पुढच्या काही महिन्यांत थोडाफार सावरतो. याच कारणास्तव गळणाऱ्या झडपेच्या बाबतीत हा आकडा साठच्या खाली घसरण्याची वाट पाहू नये, असे तज्ज्ञ म्हणतात.

त्याच अहवालात 'झडपेवर दाबाचा फरक' आणि 'किंचित गळती' असे शब्द आढळतात. नवी झडप नैसर्गिक झडपेहून थोडी अरुंद असतेच, तेव्हा थोडा फरक राहणारच. दोन पाकळ्यांच्या यांत्रिक झडपेत तर बिजागऱ्या धुतल्या जाव्यात म्हणून बारीकशी गळती मुद्दाम ठेवलेली असते. शस्त्रक्रियेनंतर दीड ते तीन महिन्यांच्या सुमारास जी इको करतात तो अहवाल मात्र जन्मपत्रिकेसारखा जपून ठेवावा. पुढे दहा वर्षांनी काही शंका आली तर त्याच्याशीच तुलना करायची असते. शेजारच्या काकांच्या झडपेशी नव्हे.

एवढा वेळ धीर दिला, आता थोडे घाबरवणेही भाग आहे. काही गोष्टी कागदावर येण्याआधी माणसात दिसतात.

ताप ही त्यांतली पहिली. नव्या झडपेवर जंतूंनी बिऱ्हाड केले तर ते काढणे फार कठीण, आणि पहिल्या वर्षात ही भीती अधिक. ताप १००.४ अंशांवर गेला आणि कारण दिसत नाही, तर घरच्या डॉक्टरांना नम्रपणे सांगावे, की प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्त जंतुपरीक्षेसाठी पाठवायचे आहे, तेही दोन-तीन वेगवेगळ्या वेळी टोचून घेतलेले. दोन गोळ्या पोटात गेल्या की जंतू दडतात, परीक्षेत सापडत नाहीत, आणि मग आठवडेच्या आठवडे अंधारात चाचपडावे लागते. दात काढणे किंवा हिरड्यांचे काम असले तरी आधी प्रतिजैविक घ्यावे लागते, म्हणून दंतवैद्याला झडपेची गोष्ट खुर्चीत बसण्यापूर्वी सांगावी.

दुसरी, दम आणि थकवा. हृदयाभोवतीच्या पिशवीत थोडे पाणी साचणे नेहमीचे. पण रक्त न गोठण्याची गोळी चालू असताना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते हळूहळू वाढून हृदयाला दाबू शकते. दम लागतो, लघवी कमी होते, रक्तदाब उतरतो, माणूस 'काही नाही, अशक्तपणा आहे' म्हणत पडून राहतो. इथे रक्ताचा एकही आकडा उपयोगी नाही, त्याच दिवशी इको हवी. रोज सकाळी वजन करण्याची सवयही चांगली. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते मांस नव्हे, पाणी. दिवाळीच्या फराळातले मीठ इथे उमटते. चकली-चिवड्याची चव घ्यावी, डबा जवळ घेऊन बसू नये.

छातीत पाखरू फडफडल्यासारखे होणे, नाडी अनियमित चालणे, हे झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे तिघांतल्या एकाला होते, बहुधा पहिल्या आठवड्यात. आवरता येते, पण सांगितले पाहिजे. लघवी चहासारखी गडद, डोळे पिवळे आणि एल. डी. एच. हा आकडा वाढत चाललेला असेल, तर झडपेच्या कडेने रक्त जोरात घुसून त्याच्या पेशी फुटत असण्याचा संभव असतो. यांत्रिक झडपेत एल. डी. एच. थोडा वर असतोच. इथेही तो एकदा कळून पुरत नाही, मागचा कागद लागतो. आणि तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एक हात लुळा पडणे, यात तर घड्याळच पाहायचे.

दिवाळीपुरते दोन शब्द. प्रयोगशाळा आणि दवाखाने चार दिवस अर्धेमुर्धे चालतात. आय. एन. आर. ची तपासणी वसुबारसेच्या आत करून घ्यावी आणि सुट्टीत कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा ते विचारून ठेवावे. गोळीची रात्रीची वेळ पाहुण्यांच्या गप्पांत हुकू देऊ नये. वहीत मात्रा 'अर्धी', 'एक' अशी लिहू नये, मिलिग्रॅममध्ये लिहावी. दुकानदाराने दोनऐवजी चार मिलिग्रॅमची गोळी दिली की 'एक' या शब्दाचा अर्थ दुप्पट होतो. जखम ठणकते म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. पाहुण्यांनी आणलेले काढे आणि चूर्णे नमस्कार करून फडताळात ठेवावीत. स्वयंपाकातली हळद-लसूण खुशाल चालू द्यावी.

ऱ्हुमॅटिक तापाच्या आजाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. दर तीन आठवड्यांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन झडप बदलली म्हणून बंद होत नाही. एक झडप नवी झाली, बाकीच्या तीन जुन्याच आहेत. तरुण स्त्रियांनी गर्भधारणेचा विचार मनात येताच, दिवस जाण्याआधी, डॉक्टरांशी बोलावे. वॉर्फरिन गर्भाला बाधू शकते आणि गोळी एकाएकी सोडली तर आईच्या जिवाला धोका. हा पेच आधी सोडवावा लागतो. रक्त न गोठू देणारी नवी, तपासणी न लागणारी औषधे निघाली आहेत खरी, पण यांत्रिक झडपेला ती चालत नाहीत. त्यांतल्या डॅबिगट्रानचा प्रयोग गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावा लागला, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेले आहे.

राहता राहिले नाशिकच्या एका वहिनींचे पत्र. रात्री सारे शांत झाले, की यजमानांच्या छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते आणि झोप लागत नाही, हे चांगले लक्षण की वाईट, असे त्या विचारतात. वहिनी, ती झडप मिटण्याचा आवाज आहे. सर्वांचीच ऐकू येते असे नाही, किडकिडीत माणसाची अधिक येते. पहिले काही आठवडे त्रास होतो, मग कान सरावतात. पण आवाज नीट ओळखून ठेवा. एखाद्या रात्री तो बोथट वाटला किंवा ऐकूच येईनासा झाला आणि यजमानांना उशा वाढवून बसावेसे वाटू लागले, तर सकाळच्या रक्ततपासणीसाठी थांबू नका. गोळ्यांची वही आणि इकोचा पहिला अहवाल पिशवीत घालून त्यांना लगेच इस्पितळात न्या.